गिटार घडवणाऱ्या वाचकांचे प्रश्न: सध्या टेबलावर काय आहे?

गेल्या अंकात एक साधा प्रश्न विचारला होता: सध्या तुमच्या टेबलावर काय आहे? आलेली पत्रं वाचताना फार आनंद झाला. कुणाचा टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, नुकताच जोडून झालाय, कुणाच्या बाजू साच्यात आहेत, कुणी पॉलिशशी झगडतंय. सगळी पत्रं छापायला जागा नाही, म्हणून जे प्रश्न अनेकांना पडलेत ते निवडले आहेत. पहिलं पत्र टॉपबद्दल आहे. त्याला मी जास्त जागा देते आहे, कारण गिटारचा आवाज टॉपमध्येच ठरतो.

प्रश्न: माझी ही पहिलीच स्टील तारांची गिटार. स्प्रूस लाकडाच्या दोन फळ्या जोडून टॉप केलाय आणि रंधा मारून ३ मिलिमीटरवर आणलाय. नकाशात २.८ लिहिलंय, एक मित्र म्हणतो २.५ पर्यंत जा. कुठे थांबायचं? आणि सगळे ‘टकटक करून ऐक’ म्हणतात, तर नेमकं काय ऐकायचं?

उत्तर: नकाशातला आकडा नकाशा काढणाऱ्याच्या फळीचा आहे, तुमच्या फळीचा नाही. स्प्रूसच्या दोन फळ्या दिसायला सारख्या असल्या तरी ताठपणात बऱ्याच वेगळ्या निघू शकतात. एकीला २.८ अगदी नेमकं बसेल, दुसरी तेवढ्यावर लेचीपेची होईल.

आधी एक हिशेब समजून घ्या. फळीचं वजन जाडीच्या प्रमाणात उतरतं, ताठपणा मात्र जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ३ वरून २.७ वर आलात तर वजन दहा टक्के घटतं आणि ताठपणा सत्तावीस टक्के. तिथून २.५ वर उतरलात की उरलेल्यातला आणखी पाचवा हिस्सा गेला. म्हणून ३ च्या खाली मी रंधा बाजूला ठेवते आणि स्क्रेपर घेते.

आता फळीलाच विचारा. दोन लाकडी पट्ट्या समांतर ठेवून त्यांवर फळी अशी ठेवा की लाकडाच्या रेषा एका पट्टीकडून दुसरीकडे जातील. बरोबर मध्यावर एक किलोचं वजन ठेवा आणि फळी किती लवली ते डायल गेजवर वाचा. मग फळी फिरवून आडव्या दिशेने तेच करा. आडवी ती कितीतरी जास्त लवेल, घाबरू नका, स्प्रूसचा स्वभावच तो. पहिल्या गिटारच्या वेळी तुलनेला जुने आकडे नसतात, पण हे आकडे, फळीचं वजन, जाडी, सगळं वहीत उतरवा. गिटार वाजायला लागली की तिचा आवाज कसा आहे तेही त्याच पानावर लिहा. दुसऱ्या गिटारच्या वेळी ही वही तुमच्या सगळ्या हत्यारांपेक्षा जास्त कामाला येईल.

टकटक करताना फळी दोन बोटांच्या चिमटीत धरा, कडेपासून साधारण पाव अंतरावर, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मध्यावर हलकेच मारा. जाड फळी ‘टक्’ करून गप्प होते. जाडी उतरत जाते तसा सूर खाली येतो आणि आवाज मागे रेंगाळायला लागतो. गोड सूर शोधू नका, ते रेंगाळणं ऐका. आवाज भसाडा, आकार नसलेला व्हायला लागला तर तुम्ही थोडे पुढे गेलात.

पहिल्या गिटारला माझा सल्ला: फळी मऊ वाटत नसेल तर २.८ च्या आसपास थांबा. १२ ते ५३ चा (०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या तारांचा) लाइट संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांची एकत्र ओढ ७० किलोच्या वर जाते, आणि ती सगळी त्या पातळ फळीला सोसायची असते. बॉक्स बंद झाल्यावरही खालच्या रुंद भागाच्या कडेने टॉप बाहेरून थोडा उतरवता येतो. वाढवता मात्र येत नाही.

टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांना, म्हणजे ब्रेसनाही, घनाचाच नियम लागू आहे, फक्त तिथे तो उंचीला लागतो. १२ मिलिमीटरची ब्रेस ११ वर आणली की जवळजवळ पाव ताठपणा गेला. रुंदी कमी केली तर एवढा फरक पडत नाही. त्यामुळे वजन कमी करायचं असेल तर आधी रुंदीकडे बघा. आणि ब्रेसचं लाकूड करवतीने कापण्याआधी पटाशीने फोडून घ्या. ते जिथे फुटेल तीच त्याच्या तंतूंची खरी दिशा.

टॉपवर एवढा वेळ घालवणं योग्य आहे का, असं या वाचकांनी पत्राच्या शेवटी विचारलंय. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार बनवली. तिचा टॉप स्प्रूसचा, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाज टॉप घडवतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा वेळ घालवा, मनसोक्त घालवा.

प्रश्न: मी आणि माझी भाची मिळून लाकडी पेटीची तीन तारांची गिटार बनवतोय. तारेची लांबी ६०० मिलिमीटर. उरलेल्या लांबीला दर वेळी १८ ने भागून फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, जागा काढल्या. खाली ठीक वाटतं, पण बाराव्या फ्रेटवर सूर उतरलेला लागतो. भाची हिरमुसली आहे. सगळा फिंगरबोर्ड (फ्रेट बसवायची फळी) फेकायचा का?

उत्तर: मुळीच फेकू नका. भाचीला सांगा की १८ ने भागणं हा कारागिरांचा फार जुना नियम आहे. तो जवळपास बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही. खरा भाजक १७.८१७. आधी टॉपच्या आकड्यांवर विसंबू नका म्हटलं, इथे मात्र उलट. फ्रेटच्या जागांमध्ये लाकडाच्या स्वभावाला काही स्थान नाही, इथे गणित सांगेल तेच करायचं.

६०० च्या तारेवर बारावा फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बरोबर ३०० वर हवा. १८ च्या नियमाने तो २९७.८ वर येतो, म्हणून उरलेली तार लांब राहते आणि सूर उतरतो. तुमचा ब्रिज, म्हणजे तारांचा दुसऱ्या टोकाचा टेकू, नुसता टेकवलेला आहे, चिकटवलेला नाही, हे फार चांगलं झालं. तो नटच्या दिशेने थोडा सरकवा. गणिताने सुमारे साडेचार मिलिमीटर येतात, प्रत्यक्षात थोडे कमी लागतील, कारण तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर आपसूक किंचित चढतो. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर एक झाले की ब्रिजची जागा पेन्सिलने आखून ठेवा. गंमत म्हणजे एवढं केल्यावर मधले फ्रेटही जवळजवळ जागेवर येतात. पाचव्या आणि सातव्यावर उरणारा फरक कानाला कळणार नाही इतका लहान आहे.

पुढच्या वेळी ६०० साठी नटपासूनची अंतरं अशी घ्या: पहिला फ्रेट ३३.७, दुसरा ६५.५, तिसरा ९५.५, पाचवा १५०.५, सातवा १९९.५, बारावा ३००. प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्यात मिसळत जाते. आखणी पेन्सिलने नको, धारदार सुरीने करा, म्हणजे करवतीचं पातं त्या चिरेत आपोआप बसतं. हे काम भाचीला करू द्या. लहान हात त्यात फार नेमके असतात.

प्रश्न: शिसवीच्या बाजू गरम पाइपवर वाकवताना कमरेच्या वळणावर चीर पडली. लाकूड रात्रभर पाण्यात भिजवलं होतं. अजून भिजवायला हवं होतं का?

उत्तर: पाण्याने लाकूड वाकत नाही, उष्णतेने वाकतं. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन गरम झालं की मऊ पडतं, आणि तेवढ्या वेळात ते आकार घेतं. पाण्याचं काम फक्त उष्णता आत पोचवणं आणि पृष्ठभाग जळू न देणं. रात्रभर भिजवण्याने उलट लाकूड लहरी होतं. फडक्याने ओलं करा किंवा फवारा मारा, पुरे.

पाइप इतका गरम हवा की पाण्याचा थेंब त्यावर नाचत उडून जाईल. जाडी आधी तपासा. सरळ रेषांच्या शिसवीला २ मिलिमीटर चालतात, रेषा वेड्यावाकड्या असतील तर १.८ च्या जवळ जा. सुरुवात कमरेपासूनच करा, कारण सगळ्यात घट्ट वळण तेच. चीर नेहमी ताणल्या जाणाऱ्या अंगाला पडते, म्हणून त्या बाजूने पातळ स्टीलची पट्टी लावून ती लाकडाबरोबरच वाकवा. आणि ढकलू नका. लाकूड तापलं की हाताखाली अचानक ढिलं पडतं, तो क्षण येईपर्यंत नुसता दाब धरून थांबायचं.

पडलेली चीर आरपार नसेल तर बाजू टाकून देऊ नका. वाकवणं पूर्ण करा, साच्यात थंड आणि कोरडी होऊ द्या, मग चिरेत सरस किंवा पातळ सुपरग्लू उतरवा. आतून रेषांना आडवी एक छोटी चकती चिकटवा. शिसवीची भुकटी अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, तेव्हा घासताना चांगला मास्क लावाच.

प्रश्न: जुन्या कपाटाचं सागवान पडून आहे. गिटार होईल?

उत्तर: पाठ आणि बाजूंसाठी जरूर. टॉपला नको, त्या कामाला ते जड पडतं. आधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा. सागवानात सिलिका असते, रंध्याची धार लवकर जाईल. ते तेलकटही असतं, त्यामुळे जोडाची कड ताजी रंधून, ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. मनात शंका असेल तर टेलर गिटार्सचे बॉब टेलर यांची १९९५ ची गिटार आठवा. माल ठेवायच्या टाकाऊ ओक पॅलेटच्या फळ्यांतून बनवलेली, खिळ्यांची भोकं मुद्दाम दिसतील अशी ठेवलेली.

प्रश्न: नायलॉनच्या गिटारचा टॉप तयार आहे. पुढे कधी स्टीलच्या तारा लावल्या तर?

उत्तर: लावू नका. नायलॉनच्या संचाची ओढ साधारण ४० किलो असते, स्टीलची त्याच्या पावणेदोनपट. टॉप फुगेल, ब्रिज उचकटेल. दोन्ही हव्या असतील तर दोन गिटारी करा. मला तर हे दुसऱ्या गिटारसाठी उत्तम कारण वाटतं.

प्रश्न: चपड्याचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश करतेय. बोळा मध्येच चिकटतो आणि खालचा थर ओढून घेतो.

उत्तर: बोळा फार ओला आहे, किंवा तुम्ही थांबत नाही आहात. नव्या थरातलं स्पिरिट खालचा थर पुन्हा विरघळवतं, म्हणूनच हे पॉलिश एकजीव होतं आणि म्हणूनच ते ओढलंही जातं. बोळा कागदावर दाबून बघा, ओलसर ठसा उमटला पाहिजे, डबकं नको. बोळ्याला तेलाचा एखादा थेंब लावा, आणि टॉपवर टेकवताना व उचलताना तो हलता ठेवा. एका जागी थांबला की चिकटलाच. काही फेऱ्यांनंतर निदान काही तास विश्रांती द्या. घोळ किती जुना आहे तेही पाहा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बरेच महिने ठेवला तर तो नीट सुकत नाही. काचेवर एक थेंब सोडा, दुसऱ्या दिवशीही नखाचा वळ उमटत असेल तर नवा घोळ करा. मेण काढलेला चपडा मिळाला तर तोच घ्या.

प्रश्न: गिटार पूर्ण झाली, पण तारा बाराव्या फ्रेटवर फार उंच आहेत. नेकमधला (मानेतला) ट्रस रॉड, म्हणजे आतली धातूची दांडी, कसला, तरी उतरेनात. ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी, म्हणजे सॅडलही, आणखी घासायला जागा नाही.

उत्तर: ट्रस रॉडला आणखी पिळू नका. गिब्सन कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली ज्याचं पेटंट मिळालं, ती ही सोय तारांच्या ओढीने नेकला येणारा बाक सावरण्यासाठी आहे, तारांची उंची ठरवण्यासाठी नाही. आधी रॉड सैल करून बाक नीट करा. पहिला फ्रेट आणि बॉडीला लागणारा फ्रेट एकाच वेळी दाबा. सातव्याच्या आसपास तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.२५ मिलिमीटरची फट हवी. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा, नजरेवर जाऊ नका.

त्यानंतरही उंची तशीच असेल तर दोष नेकच्या कोनात आहे. लांब स्टीलची पट्टी फ्रेटांवर सरळ ठेवून ब्रिजकडे न्या. तिची खालची कड ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकली पाहिजे. तुमच्याकडे ती बहुतेक खालीच अडेल. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायला सॅडल २ मिलिमीटर उतरवावं लागतं, म्हणून ती जागा इतक्या लवकर संपली.

नेक बोल्टने बसवली असेल तर काम सोपं आहे. ती काढा, सांध्याच्या टाचेकडचं लाकूड थोडं थोडं घासा, पुन्हा बसवून पट्टी ठेवा, असं करत पट्टी ब्रिजच्या माथ्यावर येईपर्यंत जा. सरसाने चिकटवली असेल तर वाफेने सोडवता येते, पण फिंगरबोर्डचा टॉपवर आलेला भाग आधी गरम पट्टीने सुटा करून घ्या, नाहीतर टॉप त्याच्याबरोबर उचलला जाईल. पहिल्यांदाच करत असाल तर नेक काढण्याचा अनुभव असलेल्या कुणाला तरी शेजारी बसवा, आणि सांधा पूर्ण सुकल्याशिवाय तारा चढवू नका.