अमेरिकेतली गावोगावची शॉर्ट ट्रॅक रेसिंग खरंच संपत चाललीय का, आणि परत उभी राहील का?

तुम्ही विचारलंय की छोटे ट्रॅक एकामागून एक बंद होतायत असं ऐकतो, मग नॉर्थ कॅरोलायनातला नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक पंचवीसेक वर्षं बंद राहून परत कसा सुरू झाला, म्हणजे हा सगळा खेळच परत उभा राहतोय का? तर बंद होतायत हेही खरं आणि तो सुरू झाला हेही खरं, पण एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. मी मूळचा मंचरकडचा, गेली अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमजवळ राहतो. नोकरी कॉम्प्युटरची, गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेजारी एसी-हीटरची कामं करणारे एक गृहस्थ आहेत त्यांच्या शेडमध्ये रेसची गाडी असते, त्यांच्या नादाने चार सीझन मी पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, टायर उचलायचं काम केलंय. त्यामुळे थोडं आतलं माहितीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शॉर्ट ट्रॅक म्हणजे एक मैलापेक्षा कमी लांबीचा गोल ट्रॅक, गावोगावचे तर पाव ते अर्ध्या मैलाचेच असतात. शनिवारी रात्री लाइट लावून रेस, चालवणारे आठवडाभर दुसरी कामं करणारे, कुणी प्लंबर कुणी गॅरेजवाला. फॉर्म्युला वन वगैरे डोक्यातून काढून टाका. आधी राष्ट्रगीत, त्याच्या आगेमागे एखाद्या पाद्रीची प्रार्थना, मग चार-पाच वेगवेगळ्या क्लासच्या रेसा, तळाच्या डबड्या गाड्यांपासून लेट मॉडेल या वरच्या क्लासपर्यंत. खालच्या रांगेत बसलात तर टायरच्या रबराचे बारीक तुकडे उडून फ्राइजमध्ये पडतात, आणि कानात बोळे नसतील तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक काय बोलतात ते ऐकू येत नाही (अनुभव).

आता बंद का पडतात. जमिनीचं कारण सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. ट्रॅक बांधला तेव्हा गावाबाहेर शेतात होता, मग गाव तिथपर्यंत आलं, घरं झाली, घरवाले म्हणाले आवाज फार होतो, आणि मालकाची पुढची पिढी म्हणाली यातून मिळतं काय, विकून टाका. साउथ कॅरोलायनातला मर्टल बीचचा ट्रॅक २०२० मध्ये गेला, कॅलिफोर्नियातला अरविंडेल २०२४ च्या डिसेंबरात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एके काळी बरेच ट्रॅक होते, आज एकटा रिव्हरहेड उरलाय.

पण सुरुवात त्याच्या खूप आधी झाली असं माझं म्हणणं. १९७१ मध्ये विन्स्टन सिगारेटवाले नॅसकारच्या (अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगची मोठी संस्था) मुख्य मालिकेचे, म्हणजे आजच्या कप मालिकेचे, स्पॉन्सर झाले, आणि १९७२ ला वेळापत्रक ४८ रेसांवरून थेट ३१ वर आणलं. छोट्या अंतराच्या रेसा काढून टाकल्या, म्हणजे हिकरी, बोमन ग्रे असे ट्रॅक मुख्य मालिकेतून बाहेर. तोपर्यंत कसं होतं, टीव्हीवरचे हिरो कधीतरी तुमच्या गावच्या ट्रॅकवर येऊन तुमच्या गावच्या पोराशी भिडायचे. नंतर ते वर गेले आणि हे खाली राहिले. सिगारेटवाल्यांनी १९८२ पासून गावच्या साप्ताहिक रेसिंगलाही पैसा दिला हे मान्य केलं पाहिजे, पण तो पैसा गेल्यावर त्या तोडीचा दुसरा कुणी आला नाही. त्यात या भागातल्या फर्निचरच्या आणि कापडाच्या गिरण्या बंद पडल्या. त्या गिरण्यांतलेच लोक चालवणारे, तेच बघणारे, आणि गाडीच्या दारावर नाव घालायला दोनशे डॉलर देणारा दुकानदारही त्यांच्याच जिवावर जगणारा.

खरी गोम मात्र मागच्या गेटला आहे. ट्रॅकला दोन गेट असतात, पुढचं प्रेक्षकांचं आणि मागचं पिटचं. पिटमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला, ड्रायव्हर असो, मेकॅनिक असो, माझ्यासारखा हमाल असो, पिट पास काढावा लागतो आणि तो स्टँडच्या तिकिटापेक्षा महाग असतो. एका गाडीमागे चार-पाच माणसं धरा, साठ गाड्या आल्या तर बघा किती झाले. पावसाळी हवेमुळे पुढचा स्टँड अर्धा रिकामा असला तरी मागच्या गेटवर बरेच ट्रॅक तरून जातात. म्हणून गाड्या कमी झाल्या की दोन्हीकडून मार बसतो, मागचा पैसा जातो, आणि नऊ गाड्यांची रेस बघायला पुढून कोण येणार? मग मालक काय करतो तर गाड्या वाढवायला आणखी एक नवीन क्लास काढतो, त्यात सहा गाड्या येतात, त्यातल्या तीन दुसऱ्या क्लासमधून फुटून आलेल्या, आणि कार्यक्रम रात्री साडेअकरापर्यंत लांबतो. लहान मुलं घेऊन आलेले लोक साडेनऊलाच उठून गेलेले असतात.

गाड्या का कमी झाल्या याला एक साधं कारण आहे जे फारसं कुणी लिहीत नाही. भंगार. पूर्वी स्ट्रीट स्टॉक क्लासची गाडी बनवायची म्हणजे भंगारवाल्याकडून ऐंशीच्या दशकातली मोंटे कार्लो नाहीतर तिच्यासारखीच मागच्या चाकांवर चालणारी, खाली जाड फ्रेम असलेली गाडी उचलायची, आतलं सगळं काढायचं, रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा) वेल्ड करायचा आणि शनिवारी हजर. तसल्या गाड्या कंपन्यांनी बनवणंच सोडलं आणि भंगारातही संपल्या. आता ज्या आहेत त्यांचे पार्ट रेसिंगच्या दुकानातून नवे घ्यावे लागतात. वरच्या लेट मॉडेल क्लासचं तर विचारूच नका, तिथे बापाकडे धंदा पाहिजे नाहीतर स्पॉन्सर पाहिजे. वीस वर्षांचा मेकॅनिक, ज्याच्या जिवावर हा खेळ उभा राहिला, त्याला शिरायला खालचं दारच राहिलं नाही.

आमच्याकडचं उदाहरण देतो म्हणजे पटकन कळेल. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, ती महाराष्ट्रात २०२१ च्या डिसेंबरात उठली, २०२३ ला घटनापीठानेही कायदा मान्य केला. मधली सात वर्षं घाट, म्हणजे गाडे पळवायच्या जागा, ओसाड पडले होते. पण आमच्या भागात लोकांनी बैल विकले नाहीत सगळे, एकही बारी पळायची नाही हे माहीत असून खुराक चालू ठेवला, घरचे शिव्या घालत होते तरी. म्हणून परवानगी आल्या आल्या घाट भरले, कारण बैल तयार होते. इथे बरोब्बर उलटं आहे, बंदी कुणीच घातली नाही, कित्येक ठिकाणी घाट शाबूत आहे, गाडेच येत नाहीत.

आता नॉर्थ विल्क्सबरो. पाऊण मैलालाही कमी, ०.६२५ मैलाचा ट्रॅक, १९४७ चा, गंमत म्हणजे सपाट नाही, पुढच्या बाजूला उतार आणि मागच्या बाजूला चढ. हा विल्क्स परगणा म्हणजे चोरट्या दारूचा, पोलिसांना चुकवत दारू पोचवणारी पोरं पुढे रेसर झाली, ज्युनियर जॉन्सन त्यातलाच. १९९५-९६ मध्ये दोन मोठ्या ट्रॅकमालकांनी मिळून तो विकत घेतला, कशासाठी तर त्याच्या वर्षाच्या दोन रेसा उचलून एक टेक्ससला आणि एक न्यू हॅम्पशरला न्यायला. २९ सप्टेंबर १९९६ ला शेवटची कप रेस झाली, जेफ गॉर्डन जिंकला आणि कुलूप लागलं. २०१०-११ ला थोडे दिवस उघडला होता, परत बंद. मग २०१९ च्या डिसेंबरात नॅसकारचा नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट ज्युनियर माणसं घेऊन गेला आणि ट्रॅकवरचं गवत-झुडपं काढली, तेही खरी रेस करायला नाही, तर कॉम्प्युटर गेमसाठी ट्रॅक स्कॅन करून ठेवायला, म्हणजे निदान तिथे तरी जिवंत राहील! त्यातून लोकांचं लक्ष गेलं, राज्याने कोरोनानंतरच्या केंद्राच्या मदतनिधीतून १८ मिलियन डॉलर दिले, ऑगस्ट २०२२ ला डेल ज्युनियर स्वतः तिथे लेट मॉडेल चालवून तिसरा आला, २०२३ च्या मे महिन्यात नॅसकारची ऑल-स्टार रेस झाली, काइल लार्सन जिंकला. डांबर तेव्हा १९८१ चंच होतं.

आनंद झाला, खोटं नाही बोलणार. पण हे घाट दुरुस्त करणं झालं. १८ मिलियन आणि डेल ज्युनियर प्रत्येक गावाच्या वाट्याला येणार नाहीत.

मला जास्त आशा बोमन ग्रेकडे बघून वाटते. आमच्या शहरातलं फुटबॉलचं स्टेडियम, मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट ट्रॅक, १९४९ पासून उन्हाळ्यात दर शनिवारी नॅसकारची रेस. ओव्हरटेक करायला जागाच नाही त्यामुळे पुढच्याला मागून ढुसणी देऊनच जावं लागतं, ज्याला दिली तो पुढच्या शनिवारी हिशेब चुकता करणार हे अख्ख्या स्टँडला माहीत असतं, त्यामुळे लोक परत येतात. गाव दोन तटांत विभागलेलं, एकाला टाळ्या दुसऱ्याला शिट्ट्या आणि बू. तिकीट स्वस्त, आणि कार्यक्रम लहान मुलं जागी असेपर्यंत आटपतो. स्टँड आजही हजारोंनी भरतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कप मालिकेच्या गाड्या १९७१ नंतर पहिल्यांदा तिथे धावल्या, चेस एलियट जिंकला, पण ते झालं नसतं तरी बोमन ग्रे चालू राहिलंच असतं.

बाकी चांगल्या खुणा आहेत. कार्स टूर ही लेट मॉडेलची मालिका डेल ज्युनियर, केव्हिन हार्विक, जेफ बर्टन आणि जस्टिन मार्क्स यांनी २०२३ ला घेतली. रेसा मोबाइलवर लाइव्ह दिसतात. त्याने प्रेक्षक घरी बसतो असं शेजारी म्हणतात, मला तसं वाटत नाही, घरी बसणारा आधीच बसला होता. जॉश बेरी बँकेत नोकरी करत लेट मॉडेल चालवायचा, २०२५ ला लास वेगासची कप रेस जिंकला, म्हणजे जिना अजून आहे, फार अरुंद आहे एवढंच.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे क्राउन व्हिक क्लास. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, तीच ती जुनी पोलिसांची गाडी. २०११ पर्यंत बनत होती, मागच्या चाकांवर चालते, फ्रेम जाड, व्ही-एट इंजिन, आणि पोलीस-टॅक्सीवाल्यांनी काढून टाकलेल्या भरपूर फिरतात. बऱ्याच ट्रॅकनी तिचा वेगळा क्लास काढलाय आणि नियम असे की फार पैसे घालून उपयोग नाही. म्हणजे भंगारातून परत गाडी मिळायला लागली. ज्या ट्रॅकचा हा खालचा क्लास भरतोय तो ट्रॅक टिकेल असं मी धरून चालतो, वरच्या क्लासला कितीही झगमगाट असो.

शेजाऱ्यांनी पण जुनी स्ट्रीट स्टॉक विकून हीच घेतलीय, डाव्या खांबाला पोलिसांच्या स्पॉटलाइटचं भोक अजून तसंच आहे. चालवणार त्यांची नात, सोळा वर्षांची. जुन्या गाडीच्या वेळची माझी एक करामत सांगायची राहिली. उजवीकडचे टायर घेराने दीड-दोन इंच मोठे ठेवतात म्हणजे गाडी आपोआप डावीकडे वळते, मला टेपने मोजून खडूने लिहायला सांगितलं होतं आणि मी मागचे दोन उलटे लिहिले. गाडी प्रत्येक वळणावर सरळ भिंतीकडे निघायची. चौथ्या लॅपला ते आत आले, काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. परवा शेडमध्ये नात हवा तपासून एकेका टायरवर आकडे लिहीत होती, म्हटलं आण मी लिहितो. तिने गेज दिला माझ्या हातात, खडू काही दिला नाही.