वाचकांचे प्रश्न : विक्री वाढते, मग पैसा जातो कुठे?

प्रश्न : केळी दारातच पिकते, म्हणून वेफर्सचा कारखाना टाकायचा विचार आहे. ३५ टक्के अनुदान मिळतं म्हणतात. धंदा चालेल का? (एक वाचक, फैजपूर)

उत्तर : केळी दारात असली की वाहतूक वाचते. भाव मात्र तुमच्या हातात येत नाही. एक किलो वेफर्सला साधारण चार ते पाच किलो कच्ची केळी लागतात, आणि तयार मालाच्या वजनात जवळपास एक तृतीयांश तेल असतं. समजा, केळी ८ रुपये किलो धरून आराखडा केला आणि श्रावणात उपवासाच्या मागणीने ती १८ वर गेली. नुसत्या केळीपायी किलोमागे ४० ते ५० रुपये वाढले, आणि पाकिटावर किंमत तर आधीच छापलेली. म्हणून दुप्पट भावाचाही हिशेब मांडा. त्यात हप्ता निघत नसेल तर यंत्रं लहान घ्या.

माल बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी. आपल्या ग्रँड नैन केळीत केरळच्या नेंद्रनपेक्षा स्टार्च कमी. घड पिकायला लागला की साखर वाढते आणि काप तळताच लाल-काळे पडतात. घड कडक कच्चाच घ्या, काप दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. दुसरं, गरम माल पाकिटात भरला तर आत वाफ धरते आणि वेफर्स सादळतात. तिसरं तेल. जुन्यात नवं ओतत राहिलात की माल लवकर खवट होतो. टोटल पोलर कंपाउंड (तेल वारंवार तापवल्याने त्यात साचणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला कायद्यानेही बंदी आहे. दुकानदार तक्रार करत बसत नाही, पुढच्या खेपेला दुसऱ्याचा माल घेतो.

आता अनुदान. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ते ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. किमान १० टक्के पदरचे घालावे लागतात. पण ही रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत कर्जखात्याला जोडून ठेवतात, आणि कर्ज थकलं नाही व कारखाना चालू राहिला तर तीन वर्षांनी कर्जात वळती होते. त्या भरवशावर पहिल्या वर्षीचं तेल-केळी घ्यायचा बेत असेल तर तो आजच सोडा. अर्ज करण्याआधी योजनेची चालू मुदत कृषी कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : आमचा बचत गट मिरची पावडर करतो. दोन वर्षांत विक्री दुप्पट झाली, वहीत नफा दिसतो, तरी हंगामात मिरची घ्यायला सावकार गाठावा लागतो. (गटाच्या सचिव, नंदुरबार तालुका)

उत्तर : ताई, विक्री वाढली म्हणूनच पैसा अडकला. महिन्याला १ लाखाचा माल जातो आणि दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतो, तर दीड लाख कायम बाजारात. विक्री २ लाखांवर गेली की तेच ३ लाख. हा वरचा दीड लाख आधी नफ्याने भरला, उरलेला सावकाराने. त्यात ओली लाल मिरची येते हिवाळ्यात. ती रोखीने घ्यायची, पथारीवर वाळवायची आणि वर्षभर पुरवायची. (साठवताना ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर बुरशी धरते आणि सगळा पैसा पोत्यातच कुजतो.)

उधारीची वही वेगळी मांडा : दुकान, बिलाची तारीख, रक्कम. ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ६० आणि त्यापुढची, असे तीन रकाने पाडा. शेवटच्या रकान्यात मोजकीच दुकानं निघतात. त्यांना मागचं बिल चुकतं केल्याशिवाय नवा माल नाही. एखादं दुकान तुटलं तर तुटू द्या. रोख देणाऱ्याला २ टक्के सूट परवडते. सावकाराचे महिना ३ टक्के धरले तर ४५ दिवसांचे साडेचार होतात. बँकेकडे कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज) मागायचं ते गणपतीच्या सुमारास. मिरची बाजारात आल्यावर अर्ज केलात तर मंजुरीला उशीर होतो.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती करा. मग खरेदीदाराला १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. गावच्या किराणावाल्यावर हे हत्यार उपसू नका, पण घाऊक खरेदीदाराच्या बिलावर उद्यम क्रमांक टाकाच.

प्रश्न : मित्र आणि मी तेलघाणा टाकतोय. पैसे माझे ७० टक्के, राबणार तो. लेखी करार हवाच का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : हवाच. करारात काही ठरलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा-तोटा निम्मा-निम्मा, आणि राबणाऱ्याला पगार नाही. म्हणजे तुमच्या ७० टक्क्यांना अर्थ नाही आणि त्याच्या कष्टालाही नाही. वाटणी, त्याचा महिन्याचा मेहनताना, महिन्याला कोणी किती उचल घ्यायची आणि एकाला बाहेर पडायचं झाल्यास घाण्याची किंमत कशी ठरवायची, एवढं स्टॅम्प पेपरवर लिहा. फर्मची नोंदणीही करून घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातली थकबाकी वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही.