'मिसफोल्डेड'ला 'विकृत' म्हणावे का?

प्रश्न असा: अल्झायमरवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'मिसफोल्डेड प्रोटीन'ला (प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; ती ठरावीक आकारात बसते, इथे भलत्याच आकारात बसलेली) 'विकृत प्रथिन' म्हणावे की 'दुमडलेले प्रथिन'?

'दुमडलेले' लगेच बाद. दुमडतो तो पानाचा कोपरा किंवा सदऱ्याची बाही. शिवाय त्यातून बिघाड कळत नाही.

'विकृत' चालण्यासारखा वाटतो, पण त्यात सगळेच खपते. अमिनो आम्लांचा क्रम बदलला तरी विकृत आणि उष्णतेने साखळी उलगडली तरी विकृत. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या बहुतेक रुग्णांत यातले काहीच झालेले नसते. त्या रोगामागच्या प्रायॉन प्रथिनाचा क्रम तोच असतो, फक्त मळसूत्री वळणांच्या जागी सपाट बीटा पट्टे आलेले असतात. असे प्रथिन शेजारच्या धडधाकट प्रथिनालाही आपल्याच आकारात ओढते. साखळीचा हा आकार, म्हणजे तिची घडी, विस्कटलेली नसून भलतीच पक्की असते, इतकी की साध्या उकळण्यानेही मोडत नाही. म्हणून मी 'चुकीच्या घडीचे प्रथिन' लिहीन. लांबट आहे खरे, पण नेमके आहे.

क्रियापद मात्र 'घडी घालणे' नको, कारण घालणारा कोणी नसतो. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे आरएनए तोडणारे १२४ अमिनो आम्लांचे विकर युरियात उलगडले, त्यातले सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्यांमधले चारही गंधकबंध तोडले आणि मग ती रसायने काढून टाकली. आठ सिस्टीनच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लागू शकतात. जुळल्या त्या मूळच्याच, आणि विकर पुन्हा आरएनए तोडू लागले. घडीचा नमुना साखळीच्या क्रमातच असतो, हे त्यातून दिसले (१९७२चे नोबेल याच कामाचे). पेशीत शॅपरोन प्रथिने हातभार लावतात, पण नमुना तीही ठरवत नाहीत. तेव्हा प्रथिनाची 'घडी बसते'. संसाराची बसते तशीच, म्हणजे शब्द नवा घडवायलाही नको. 'डीनेचर' होणे म्हणजे घडी मोडणे.

तुमच्या लेखात टाऊ, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत साठणारे प्रथिन, येईलच. त्याला मुळात ठरलेली घडीच नसते, त्यामुळे तिथे 'चुकीची घडी बसली' म्हणता येईल, 'घडी मोडली' म्हणता येणार नाही.

'अमायलॉइड' (अशा प्रथिनांचा ऊतींत होणारा साठा) हा शब्द आहे तसाच ठेवा. आयोडीनने रंग बदलला म्हणून जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८५४मध्ये तो साठा पिष्टासारखा (स्टार्चसारखा) मानला; निघाले प्रथिन. 'पिष्टाभ' केलेत तर त्यांची चूक मराठीत नव्याने रुजवाल.