जगभर फिरून पत्रकारिता करायची तर धाडस किती लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे, की देशोदेशी जाऊन तिथली माणसं, राजकारण आणि पर्यावरण यांवर लिहायचं तर जिवावर उदार व्हावं लागतं का, आणि नवख्याने सुरुवात कुठून करावी. मी अशा लांब पल्ल्याच्या वार्तांकनाचं संपादन करते. धाडस लागतं, यात शंका नाही. पण ते बोटीत चढताना जितकं लागतं, त्याहून जास्त हातात आलेली बातमी थांबवून धरताना लागतं, असं माझं ठाम मत आहे.

असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या चार महिला पत्रकारांनी २०१५ साली केलेलं काम बघा. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला बेंजिना नावाचं एक दुर्गम ठिकाण आहे. तिथे मासेमारी कंपनीच्या आवारात माणसं पिंजऱ्यात कोंडलेली त्यांना दिसली. बहुतेक जण म्यानमारचे. त्यांना थायलंडमार्गे फसवून आणलं होतं आणि ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटींवर, गुलामासारखं राबवलं जात होतं. जवळच्या दफनभूमीत लाकडी पाट्या होत्या आणि त्यांवर खोटी थाई नावं. म्हणजे मेल्यावरही घरच्यांना पत्ता लागणं कठीण. रात्री या पत्रकार छोट्या बोटीतून ट्रॉलरजवळ गेल्या, तेव्हा वरून माणसं बर्मी भाषेत ओरडून सांगत होती, आम्हाला घरी जायचंय. पत्रकारांपैकी एस्थर टूसान स्वतः म्यानमारच्या. त्या हाकांचा अर्थ कळायला त्यांना दुभाषा लागला नाही. अशा वेळी भाषा येणं हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोठं भांडवल असतं.

चित्तथरारक भाग इथे संपला आणि खरं काम सुरू झालं. या माणसांनी पकडलेल्या माशांनी भरलेलं एक जहाज थायलंडकडे निघालं, तेव्हा त्यांनी उपग्रहाच्या संकेतांवरून त्याचा माग ठेवला. बंदरात माल उतरल्यावर सलग चार रात्री ट्रकांचा पाठलाग केला, कोणता ट्रक कोणत्या कारखान्यात शिरतो त्याची नोंद केली, आणि मग सीमाशुल्काच्या कागदपत्रांवरून तो माल अमेरिकेतल्या पुरवठादारांपर्यंत कसा जातो हे जुळवलं. पिंजऱ्याचा फोटो बघून वाचक हळहळतो आणि पुढे जातो. पिंजऱ्यापासून आपल्या ताटापर्यंतची साखळी कागदावर सिद्ध झाली, की कंपन्यांना आणि सरकारांना उत्तर द्यावंच लागतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची छापण्याआधीची एक कृती. ज्या माणसांनी नावानिशी, चेहऱ्यानिशी माहिती दिली होती, ती सुरक्षित ठिकाणी हलवली जाईपर्यंत त्यांनी बातमी रोखून धरली. दुसऱ्या कुणी आधी छापलं असतं तर? तो धोका त्यांनी पत्करला. पुढे २,००० हून जास्त माणसं सुटली आणि २०१६ मध्ये या कामाला लोकसेवेसाठीचं पुलित्झर, हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं.

धोक्याची वाटणी कधीच समसमान नसते, हे नवख्यांनी आधी समजून घ्यावं. अमेरिकन पत्रकार पॉल सालोपेक २००६ मध्ये सुदानच्या दारफूरमध्ये पकडले गेले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा चाडचा ड्रायव्हर आणि दुभाषाही कोठडीत होता. सुदैवाने तिघेही सुटले. हेच सालोपेक जानेवारी २०१३ मध्ये इथिओपियातून पायी निघाले. आदिमानव जगभर पसरला त्या वाटेने दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जायचा त्यांचा बेत आहे. दर १०० मैलांवर ते थांबतात, आकाशाचा आणि पायाखालच्या जमिनीचा फोटो घेतात आणि जो माणूस भेटेल त्याला तेच तीन प्रश्न विचारतात: तुम्ही कोण, कुठून आलात, कुठे चाललात? राजकारण, दुष्काळ, स्थलांतर, सगळं त्या उत्तरांत येतं. ज्या वेगाने तिथली माणसं चालतात त्याच वेगाने आपण चाललो, तर ती बोलती होतात.

ब्राझीलमधली घटना मात्र वेगळी संपली. तिथल्या जावारी खोऱ्यात बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेले आदिवासी समूह जगात सर्वांत जास्त संख्येने राहतात. ५ जून २०२२ रोजी ब्रिटिश पत्रकार डॉम फिलिप्स आणि आदिवासी विषयांचे जाणकार ब्रूनो परेरा यांची तिथे नदीवर हत्या झाली. या भागात पिरारुकू माशाची बेकायदा मासेमारी चालते, आणि परेरा आदिवासींच्या गस्ती पथकांना तिच्याविरुद्ध तयार करत होते. दोघे वेळेवर परतले नाहीत, तेव्हा शोधाला सगळ्यात आधी निघाली ती हीच पथकं. ती माणसं आजही तिथेच राहतात, त्याच नदीवर, त्याच मच्छीमारांच्या शेजारी. बाहेरून आलेल्या पत्रकाराकडे परतीचं तिकीट असतं. त्यांच्याकडे ते नसतं. म्हणून ‘तुम्ही काय धोका पत्करलात’ हा प्रश्न मी वार्ताहराला फार विचारत नाही. तुमच्याशी बोललेल्या माणसाचं पुढच्या आठवड्यात काय होईल, हे विचारते, आणि उत्तर नसेल तर मजकूर पुढे जात नाही.

आता सुरुवातीबद्दल. आधी देश ठरवू नका, वस्तू ठरवा. मासा, वाळू, पाम तेल, लाकूड, काहीही. ती कुठून येते आणि कुणाच्या हातून जाते याचा माग काढत गेलात, की संस्कृती, सत्ता आणि पर्यावरण आपोआप एकाच गोष्टीत येतात. त्या भागाची भाषा निदान बाजारात बोलता येईल इतकी शिका. जाण्याआधी तिथल्या एखाद्या पत्रकाराला लिहा, कारण विषय त्याला तुमच्याहून कितीतरी आधीपासून माहीत असतो. त्याचा मोबदला आगाऊ ठरवा, विमा काढाल तर त्याचाही काढा, आणि बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीवरच्या लेखकांच्या नावांत, नाव घालायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. काही वेळा नाव न छापणं हेच त्याच्या हिताचं असतं. वहीत माहिती देणाऱ्यांची खरी नावं आणि पत्ते एकाच ठिकाणी लिहू नका. वही तपासनाक्यावर कुणाच्याही हाती पडू शकते.