सिस्टरआजीच्या तासांवर सही

मनू,

गेल्या आठवड्यात तू शाळेचा तो कागद फ्रिजला चिकटवलास. ऑन्टॅरिओत बारावी पदरात पाडायची तर ४० तास समाजसेवा करायची, आणि जिथे केली तिथल्या माणसाची सही आणायची. तुझे ३४ झालेत. उरलेल्या सहा तासांवरून तू माझ्याशी घासाघीस करत होतीस आणि मी सवयीनं मठात राहून पेशंटांची सेवा केलेल्या सिस्टरआजीचं उदाहरण तुझ्या तोंडावर मारलं. तेव्हा तू म्हणालीस, "पण आई, तिच्या तासांवर सही कोणी केली?"

बाबा हसला. मीही हसले. मग रात्रपाळीला जाताना गाडीत घशाशी काहीतरी आलं. तुला टोमणा मारायचा नव्हता हे मला ठाऊक आहे. पण उत्तर काही सुचलं नाही, अजूनही धड सुचलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. वऱ्हाडी शब्द अडले तर बाबाला विचारू नकोस, तो नाशिकचा आहे. मलाच विचार.

आधी आबा, माझे आजोबा. सायकल धरून उभे असलेला त्यांचा फोटो तू पाहिलायस. ती सायकल मिशनची. आबा कॅटेकिस्ट होते, म्हणजे फादरचे गावातले मदतनीस. शाळेत कधी शिकवलं नाही तरी गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार आबांचे. अचलपूर तालुक्यातली पाच गावं, एकेका गावात आपली सात-आठ घरं. प्रार्थना घ्यायची, पोरांना जपमाळ शिकवायची, कोणी गेलं तर माती द्यायची. लॅटिन मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, उत्तरं त्यांना तोंडपाठ होती, अर्थ एका शब्दाचा माहीत नव्हता. व्हॅटिकनची मोठी परिषद १९६५ मध्ये संपली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली. तेव्हा ते आजीला म्हणाले होते म्हणे, "इतके वर्स मी काय म्हणत होतो, ते आज समजलं." तरी राग आला की "एत कुम स्पिरितू तुओ" म्हणायचे. शिवीसारखं. बैलालासुद्धा.

मिशनकडून थोडे रुपये मिळायचे, तेही वेळेवर नाही. पोट भरायचं ते तीन एकर कोरडवाहूवर, कापूस आणि तूर. आणि गाव मात्र आम्हाला 'पावडरवाले' म्हणायचं. मिशनमध्ये एके काळी परदेशी दुधाची पावडर वाटायचे, त्यावरून. शाळेत एका मुलीनं माझ्या डब्यात डोकावून विचारलं होतं, "आज पावडर नाई का वं?" डब्यात भाकर आणि आंबाडीची भाजी. तिच्याही डब्यात तेच.

(फायद्यासाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यांना पुढे मी एक हिशेब ऐकवायचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. आबांचे चुलतभाऊ १९५६ ला नागपूरला जाऊन बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेऊन आले. बौद्धांचं नाव त्या यादीत १९९० ला आलं. आमचं अजून नाही. एकच आडनाव, एकच विहीर. ते नाताळात करंज्या खायला यायचे, आम्ही चौदा एप्रिलला त्यांच्याकडे. असो. हे तुला आत्ताच कशाला सांगतेय कोण जाणे.)

आता सिस्टरआजी, म्हणजे माझी आत्या. ती १९ वर्षांची असताना कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरांच्या मठात, गेली. चर्चमध्ये याला 'पाचारण' म्हणतात. घरी म्हणायचे 'बोलावणं आलं', आणि आजीला तो शब्द सहन व्हायचा नाही. आपल्याकडे बोलावणं येतं ते लग्नाचं, जेवणाचं, नाहीतर वरचं. आबांना पाच मुली. भावकीतले एक काका माझ्यादेखत म्हणाले होते, "चला, एकीचा हुंडा वाचला." तू कधीतरी हाही प्रश्न विचारशील, म्हणून मीच सांगून टाकते.

मी आत्याला विचारलं होतं एकदा. सोळाची असेन, तुझ्याएवढीच. ती तूर निवडत होती. म्हणाली, "देवानं बोलावलं का नाई, ते देवालेच ठाऊक. मले शिकाचं होतं. सातवीच्या पुढं कोण शिकवत होतं मले?" मग थोड्या वेळानं, सूप आपटत, "पण मंग रायली ना मी. राहाले कोणी बांधून नोतं ठेवलं."

मी लहान असताना सात वर्षं ती आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवरच्या मिशनच्या दवाखान्यात होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, टिनाचं छप्पर, पुढे कडुनिंब. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्या शेजारी गाडगेबाबांचं कॅलेंडर. पाहुण्या आलेल्या एका फादरनं त्याबद्दल विचारलं तर ही म्हणाली, "ते आमच्या अंजनगावाकडचे हायेत, फादर. आधी गाव झाडे, मंग कीर्तन करे." कॅलेंडर जुनं झालं तरी तिनं काढलं नाही.

बुधवारी बाजार, आणि बाजाराच्या दिवशी महारोगाचे पेशंट. (आता कुष्ठरोग म्हणायचं. तेव्हा सगळे महारोगच म्हणायचे.) बाजाराच्या गर्दीत कोणी कुठे चाललाय हे कुणाच्या लक्षात येत नसे, म्हणून ते बुधवारीच यायचे. माझं काम कोमट पाणी आणून घमेल्यात ओतायचं. पेशंट त्यात अर्धा तास पाय बुडवून बसायचा. मग आत्या खाली पाटावर बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायची, जाड झालेली कातडी खरवडायची, जखम धुवायची आणि पाणी पुसायच्या आधी करडीचं तेल लावायची, म्हणजे ओल आत राहते. त्या पायांना काही कळत नाही, मनू. एक म्हातारा चार कोस चालत आला होता, बाभळीचा काटा टाचेत आरपार. त्याला पत्ताच नाही. मी किंचाळले, तो हसला. म्हणून त्यांना खिळे नसलेल्या मऊ रबरी चपला द्यायच्या, आणि प्रत्येकाला जाताना तिचं ठरलेलं वाक्य: "रोज सकाळी आपले पाय पाय, बाबू." वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे 'पाहा'ही. मला ते इतकं आवडायचं की मी अंगणभर "पाय पाय, पाय पाय" करत लंगडी घालायचे.

जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत १९८१ ला सांगितली. आमच्याकडे ती पुढे काही वर्षांनी पोचली. एका गोळीनं लघवी लाल व्हायची, दुसरीनं अंग काळवंडायचं, आणि माणसं घाबरून गोळ्या विहिरीत टाकायची. मग आत्या घरोघरी. ती गोड बोलणारी होती असं मनात आणू नकोस. "मरतं का बे, गोळी गीळ" असं ती पाटलालाही म्हणाली होती.

एकदा वास सहन होईना म्हणून मी नाकाला रुमाल लावला. तिनं काही न बोलता माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि दिवसभर मला आत येऊ दिलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "त्यानं पायलं ना तुझ्याकडं." मी नऊ वर्षांची होते. खरं सांगू, मला ते अजूनही पटलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीकडून इतकं मागू नये. पण त्यानंतर मी कधी नाक धरलं नाही, हेही खरं.

आणि ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. आबा वारले तेव्हा आत्याची बदली लांब झालेली होती. निरोप वेळेत गेला, पण तिच्या वरच्यांनी हातातलं काम आटपून जा म्हणून सांगितलं, आणि तिनं ऐकलं. आज्ञापालनाचं व्रत असतं ना. ती तिसऱ्या दिवशी पोचली. ज्या माणसानं पाच गावांच्या मयतांना माती दिली, त्याला त्याच्या सिस्टर झालेल्या मुलीची मूठभर माती मिळाली नाही. आजी तिच्याशी वर्षभर बोलली नाही. मी आजीच्या बाजूनं होते. आजही आहे बहुतेक.

तू मागच्या वर्षी, पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुतात त्या बाराजणांत होतीस, आठवतं? गुदगुल्या होऊन हसलीस आणि मी मागून डोळे वटारले. आमच्याकडे फक्त पुरुष असायचे. मुली-बायकांनाही घ्या असं पोप फ्रान्सिसनी २०१६ मध्ये सांगितलं. गावात आदल्या दिवशी ते बारा बाप्पे विहिरीवर दगडानं टाचा घासत बसायचे. फादरला काळ्या मातीच्या भेगा दिसू नयेत म्हणून! फादरच्या पुढे आलेले पाय इतके स्वच्छ असायचे की धुवायला काही उरायचंच नाही. आत्या मागच्या बाकावर बसून हसू दाबायची. ते पाय तिला बाकीचं वर्षभर दिसायचे.

मी नर्स झाले ती तिच्यामुळे असं लोक म्हणतात, मीही म्हणते. अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं म्हणजे मला गावातून बाहेर पडायचं होतं, जशी तिला सातवीच्या पुढे शाळा हवी होती. इथल्या केअर होममध्ये मी म्हाताऱ्यांच्या पायांना क्रीम लावते तेव्हा बोटांमधल्या फटी आधी बघते, ती तिचीच सवय. पण मला तासाचे पैसे मिळतात, जादा पाळीचे दीडपट. मी ते मोजते. तुझी फी, घराचा हप्ता, गावी पाठवायचे पैसे. आत्याला कोणी पगार दिलाच तर तो मठाच्या पेटीत जायचा. यातलं कुठलं खरं पाचारण, मला सांगता येत नाही. रविवारी चर्चमध्ये जा म्हणून मी तुझ्या मागे लागते आणि स्वतः कित्येकदा पाळीचं कारण सांगते, ते तू पाहतेसच.

तेव्हा सहीचं म्हणशील तर, मला माहीत असलेली एकच आहे. दवाखान्यात पेशंटांचे पिवळे कार्ड असायचे, गोळी घेतली की त्यावर अंगठा. शाईचे ठसे. काही जणांची बोटं झडलेली, ते तळहाताची कड टेकवायचे. ती कार्डं मी रांगेनं लावायचे. आता कुठे असतील कोण जाणे, उंदरांनी खाल्लीही असतील.

तुझ्या सहा तासांवर न केलेल्या कामाची सही मी देणार नाही, तेवढं मात्र नक्की. फूड बँकेत सोडायला येईन. कंटाळवाणं असतं ते मान्य, डबे मोजणं कुणाला आवडतं?

आणि तुझा प्रश्न तूच तिला विचार. शनिवारी सकाळी आठला फोन लावू, तिकडे साडेपाच वाजलेले असतील. सहाला त्यांची माळ असते, त्याच्या आत आटपायचं. ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोल. ती आधी विचारेल काय जेवली. सीरियल म्हणू नकोस, भाकर म्हण. नाहीतर अर्धा तास त्यातच जाईल.

आई