पहिलाच उपवासकाळ आहे ना, मग एवढं ऐक

अगं, आपल्या कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या या ४० दिवसांचं सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, नि गुड फ्रायडे, हे दोन दिवस कडक उपवास, एकच वेळ पोटभर जेवायचं, बाकीच्या शुक्रवारी नुसतं मांस टाळायचं. मासे चालतात, पण आमच्या वसईत पापलेट तळून उपवास केला म्हणतात ते मला पटत नाही, त्या पैशांत कुणाच्या तरी घरी तांदूळ पोचव. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जा, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, तिची १४ स्थानं असतात, चौथ्या स्थानाला येशूला आई भेटते, तिथे मला दरवर्षी रडूच येतं. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, या दिवसांत आलेलुया हा स्तुतीचा घोष म्हणत नाहीत, ती शांतता लक्ष देऊन ऐक. आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याला ईस्टरच्या आधी फोन कर, खरा उपवास तिथेच, मला तसा फोन करायला तीन वर्षं लागली.