रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखतं?

"मॅडम, सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, जंताचं औषध दोनदा दिलं. सगळं नॉर्मल. म्हणजे नाटकच ना?" वडिलांनी फाइल माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, टेबलावर ठेवली. शेजारी नववीतला मुलगा मान खाली घालून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज साडेनऊला पोट दुखायचं, शाळेची अकराची घंटा होऊन गेली की थांबायचं. रविवारी काही नाही. घरच्यांना हाच नाटकाचा पुरावा वाटत होता.

वजन घटणं, दुखण्यानं रात्री जाग येणं, शौचातून रक्त जाणं, असं काही असतं तर मीच त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे कळ खोटी, असं होत नाही. भीतीनं आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखरच दुखतं. "तुमच्या पोटात कधी गोळा आला नाही?" मी वडिलांना विचारलं. "नोकरीच्या इंटरव्ह्यूला," ते ओशाळून हसले.

मुलाशी एकट्याशी बोलले. 'का दुखतं' हे विचारलंच नाही. त्या प्रश्नाला या वयात 'माहीत नाही' हेच उत्तर मिळतं. आठवडाभर दुखण्याला दहापैकी गुण लिहायला सांगितले. बाकी दिवशी चार-पाच, मंगळवार-गुरुवार नऊ. वेळापत्रक काढलं. त्या दोन दिवशी मराठीच्या तासाला प्रकट वाचन, बाकांच्या ओळीनं.

"मी मोजतो," तो म्हणाला, "माझ्यावर कुठला परिच्छेद येणार ते."

'प' आला की शब्द अडायचा. एरवी तो वाट काढायचा, 'पाणी' न म्हणता 'बाटली दे' म्हणायचा. म्हणून घरी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुस्तकातला शब्द कसा बदलणार?

आईबाबांना यातलं किती सांगू, हे त्यालाच विचारलं. "अडखळतो ते सांगा. मुलं नक्कल करतात ते नको." ते मी पाळलं. जिवाला धोका असेल तर गुपित राखता येणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. सरांना सांगायला मात्र तो तयार झाला.

घरी ठेवणं आधी थांबवलं. सुट्टी दिली की पोट थांबतं, पण उद्याची भीती दुप्पट होते. पहिला आठवडा फक्त मधल्या सुट्टीपर्यंत शाळा. सरांनी सगळ्या वर्गालाच जोडीनं वाचायला लावलं; दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचताना बहुतेकांचं अडखळणं कमी होतं. सोबत स्पीच थेरपी सुरू केली. हे सर मनाचे मोठे, असे सगळीकडे भेटत नाहीत. शाळेत समुपदेशकही सगळीकडे नसतो. तिथे पालकांना मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर देते, तो चोवीस तास चालू असतो.

फेब्रुवारीत वडिलांचा फोन आला. "मॅडम, गुरुवारी अजून दुखतं."

"किती?"

"थांबा, विचारतो." मागून काहीतरी आवाज. "तीन म्हणतोय. दप्तर भरतोय."